फळीवरचा डबा, खुर्चीतला व्यायाम

बाळ्या, दादाच्या पॅरालिसिसला वर्ष होत आलं. बघायला येणारा प्रत्येक जण प्रोटीनचा एक डबा आणि एक सल्ला ठेवून जातो, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला हसूच आलं. तुझ्या आतोबांच्या वेळी आमच्या फळीवरही अशीच डब्यांची रांग लागली होती. आता माझेही चार सल्ले घे. आणि वाचून झाल्यावर कागद सूनबाईच्या हातात देऊन मोकळा होऊ नकोस, निम्मी कामं तुझी आहेत.

१. ‘सहा महिने उलटले, आता काही सुधारायचं नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव — पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर होते हे खरं, पण सराव चालू ठेवला तर वर्षानंतरही चालणं, उठणं, हाताची कामं सुधारतात.

२. व्यायाम नसेल तर नुसत्या पावडरीवर भरवसा ठेवू नकोस, आणि उपाशी माणसाकडून व्यायाम करून घेऊ नकोस — पडून राहिलेला स्नायू खाल्लेलं प्रोटीन नीट वापरत नाही, आणि खायला न मिळालेला स्नायू व्यायामाने उलट थकतो. आमच्या घरात मी म्हणायचे, डबा फळीवर, पाय चादरीत, बळ अडकलं अधल्यामधल्या वाटेत.

३. आधी हिशेब कर, मग डबा उघड — धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोला साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं, पण वय झालेल्या आणि आजारातून उठणाऱ्याला १ ते १.२ ग्रॅम लागतं, कधी डॉक्टर त्याहून जास्तही सांगतात. म्हणजे दादा साठ किलोचा धरला तर दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. आता आपलं स्वयंपाकघर बघ: एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, तीस ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १५. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. घट्ट म्हटलंय हं. तुमच्याकडे वरण म्हणून जे पिवळं पाणी वाढतात त्याचा हिशेब मी धरलेला नाही.

४. सगळं प्रोटीन रात्रीच्या ताटात कोंबू नकोस, तिन्ही वेळा वीस-पंचवीस ग्रॅम जाईल असं बघ — उतारवयात स्नायूला जागं करायला एका वेळी बऱ्यापैकी प्रोटीन लागतं, चिमूटभराने तो कूसही बदलत नाही. बहुतेक घरांत गाडी सकाळीच अडते. चहा-खारीवर सुरू झालेला दिवस दुपारी लंगडतो. त्याऐवजी मुगाचं धिरडं आणि दही, किंवा पोह्यांबरोबर दोन अंडी. दादा अंड्याला नाक मुरडेल, तर थालीपिठाच्या भाजणीत सोयाचं पीठ मिसळ आणि त्याला सांगू नकोस.

५. दादा पोटभर जेवत असेल आणि वजन टिकून असेल, तर पावडर नसली तरी चालतं — फूड नावाची एक मोठी चाचणी झाली होती, २००५ साली तिचे निष्कर्ष छापून आले. पॅरालिसिसचा झटका येऊन दवाखान्यात दाखल झालेल्या चार हजारांवर रुग्णांची ती चाचणी. त्यातले बहुतेक खाऊनपिऊन बरे होते, आणि अशांना सरसकट जादा पूरक आहार देऊन फायदा दिसला नाही. डबा कामाचा कुणाला? ताट अर्धं परत येतं, वजन उतरतंय, मांड्या-दंड झडलेत, त्याला. जपानमधल्या एका छोट्या अभ्यासात अशाच स्नायू झडलेल्या रुग्णांना ल्यूसीन हा प्रोटीनमधला घटक असलेलं पूरक आणि हलका ताकदीचा व्यायाम जोडीने दिला, तेव्हा ताकद वाढली. जोडीने, हे विसरू नकोस.

६. महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्याच काट्यावर, वजन कर आणि शिंप्याच्या टेपने पोटरी मोज — झडणारा स्नायू आधी पोटरीत दिसतो, चेहऱ्यावर मागाहून.

७. डबा सुरू करण्याआधी क्रिएटिनिनची तपासणी करून डॉक्टरांना दाखव — मूत्रपिंड कमजोर असेल तर जादा प्रोटीन त्याला झेपत नाही. डब्याची मागची बाजूही वाच. पुढे पैलवान असतो, मागे खरं असतं: शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन किती, साखर किती, आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना आहे का. दादाला रक्त पातळ राहायची वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमसारखी गोळी असेल, तर पावडरीत व्हिटॅमिन के आहे का हेही विचार — ते त्या गोळीच्या उलट काम करतं.

८. गिळण्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष दे. यात मी थट्टा करणार नाही. दादाला ताठ बसवून भरव, घास लहान, टीव्ही बंद, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस — झटक्यानंतर घास किंवा घोट श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पाण्यासारखं पातळ पेय सगळ्यांत फसवं, त्यामुळे पावडर किती दाट कालवायची ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला विचारूनच ठरव. ठसका लागला, आवाज ओलसर-घोगरा झाला की थांब. काहींना तर ठसकाही लागत नाही, म्हणून वारंवार ताप येत असेल तर तो ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देऊ नकोस.

९. व्यायामांचा राजा एकच, खुर्चीतून उठणं आणि बसणं — संडासला जाणं, गाडीत बसणं, दाराशी जाणं, सगळं त्यावर उभं आहे. खुर्ची लाकडी, भिंतीला टेकवलेली, हातांची. सोफा नको, त्यात धडधाकट माणूसही रुततो. पावलं थोडी मागे, नाक गुडघ्यांच्या पुढे, आणि भार कमजोर पायावरही येतोय ना ते फिजिओकडून एकदा बघून घे. प्रत्येक जेवणाआधी पाच-पाच वेळा लाव. जेवणाला जोडलेला व्यायाम चुकत नाही, आणि उठून झालं की प्रोटीन समोर तयारच असतं.

१०. मुठीत दाबायला दिलेला तो पिवळा हसरा रबरी चेंडू नातवाला खेळायला दे — ज्या हाताची मूठ आपोआप आवळते त्याला आणखी आवळायला शिकवून काय मिळणार? बोटं उघडणं, पेला धरून सोडणं, टॉवेल पुसत पुढे सरकवणं, हे फिजिओला विचारून करून घे.

११. उठवताना कमजोर हात धरून ओढू नकोस, कमरेला पट्टा बांधून तो धर, आणि चालताना कमजोर बाजूला उभा राहा — तो खांदा सैल झालेला असतो, एका हिसक्याने महिनोन्‌महिने दुखतो. सदरा घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी.

१२. गरम पिशवीचा शेक कमजोर बाजूला देऊच नकोस — चटका बसला तरी कळत नाही.

१३. कुणी पारव्याचं रक्त किंवा रस्सा सुचवेल. रक्ताने काही होत नाही, आणि रश्श्यात जे प्रोटीन आहे ते कोंबडीतही आहे, बांगड्यातही. पारव्याला उडू दे.

१४. दुपारी दादा गळून पडला तर ‘आळस करू नका’ म्हणू नकोस — झटक्यानंतरचा थकवा खरा असतो, झोपेनेही पुरता जात नाही. अवघड व्यायाम सकाळी उरक. आठवडे गेले तरी तो गप्पच राहिला, जेवणावरून मन उडालं, तर डॉक्टरांना सांग, उदासीवर औषध असतं.

१५. व्यायामाआधी बीपी बघ, आणि छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांब. तोंड पुन्हा वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात एकाएकी गळाला, तर मला फोन करू नकोस, १०८ ला कर, आणि वेळ लिहून ठेव — गुठळीमुळे आलेला झटका असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

रविवारी मी येतेच आहे. तोवर क्रिएटिनिनचा रिपोर्ट काढून ठेव, आणि माळ्यावरची ती लाकडी खुर्ची खाली उतरव.