हाड छापायचंय? मग मेटलर्जीकडे बघा

नीटचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न येतो. "सर, थोडक्यात हुकलं. पण त्याला मेडिकलच्या आसपासच राहायचंय. बायोप्रिंटिंगला स्कोप आहे ना?" मोबाइलवर प्रिंटरमधून हाड निघताना पाहिलेलं असतं, आईच्या पर्समध्ये एखाद्या खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं. मुलगा शेजारी गप्प. मेडिकलच्या आसपास नेमकं कुणाला राहायचंय, हे मला लगेच कळतं.

स्पष्टच सांगतो: बारावीनंतर नावात 'बायोप्रिंटिंग' असलेली पदवी घेऊ नका.

सीटी स्कॅनवरून जबड्यासाठी किंवा कवटीसाठी टायटॅनियमचा तुकडा छापून बसवणं आज होतं, पण त्यात जिवंत पेशी नसतात. पेशींसकट हाड छापणं अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे. घोडं अडलंय ते शाईपाशी, म्हणजे पेशी मिसळून छापायच्या मिश्रणापाशी. ती बारीक सुईतून वाहायला हवी आणि बाहेर पडताच आकार धरून उभी राहायला हवी. पेशी जगाव्यात म्हणून जिलेटिन, अल्जिनेट असे पाणीदार जेल घेतात, पण जेल भार पेलत नाही. हाडात निम्म्याहून जास्त वजन खनिजाचं, म्हणून त्याच जातीच्या खनिजाची, हायड्रॉक्सिॲपेटाइटची, पूड मिसळावी तर सुई तुंबते. दाब वाढवला की पेशी मरतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरच्या सांगाड्याने मजबुती येते, पण तो शरीरात विरायला दोन वर्षांच्या वर घेतो, आणि सांगाडा तर नवं हाड भरेल त्याच वेगाने विरायला हवा. रक्तवाहिनीपासून 200 मायक्रॉनपलीकडे पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, ही डोकेदुखी वेगळीच.

यातले बहुतेक प्रश्न मटेरियल सायन्सचे आहेत. बायोग्लास शोधणारे लॅरी हेंच हे सिरॅमिक इंजिनिअर. 1967 मध्ये बसप्रवासात व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलने त्यांना विचारलं, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्हाला करता येईल का? 1969 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी 45 टक्के सिलिका, बाकी सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरसची ऑक्साइडं असलेली काच केली. उंदरांच्या हाडाशी ती अशी सांधली गेली की ओढून निघेना. आज दात शिवशिवतात त्यावरच्या काही टूथपेस्टमध्ये हीच काच असते आणि हाडाच्या शाईतही तिची पूड घालून पाहतात.

मटेरियल सायन्स शिकवतात ते मेटलर्जीच्या ब्रांचमध्ये. म्हणून मी मेटलर्जी सुचवतो आणि पालकांचा चेहरा पडतो. "म्हणजे भट्टीवर काम? मुलीला?" अहो, पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत, आयआयटी मुंबईत ही ब्रांच आहे आणि कॉम्प्युटरच्या जागा भरल्यावरही बऱ्याच खालच्या रँकपर्यंत मिळते. माटुंग्याच्या आयसीटीत पॉलिमर आहे. पुढे गेट देऊन बंगळुरूच्या आयआयएससीत किंवा एखाद्या आयआयटीत बायोमटेरियल्सकडे वळता येतं. हाडांवरून मन उडालं तर चाकणचे कारखाने आहेतच. बायोप्रिंटिंगच्या पदवीवर तिथे कोण उभं करणार? आणि हाडांवरच काम करायचं तर एमटेक, बहुधा पीएचडीही लागेल. चार वर्षांत पॅकेज हवं असेल त्यांनी इथेच थांबावं.

गणित सोडलं असेल तर बीफार्म किंवा रसायनशास्त्रात बीएस्सी करा. जेल औषधशास्त्रातही शिकतात. ज्याला खरंच डॉक्टर व्हायचंय त्याने नीट पुन्हा द्यावी. फिजिओथेरपी, बीडीएसबद्दल तुम्हाला घरोघरी सांगणारे भेटतील.

माझी तक्रार आईवडिलांबद्दल आहे. 'डॉक्टर नाही तर निदान डॉक्टरसारखं काहीतरी' ही तुमची हौस. नातेवाइकांना सांगायला बरं वाटावं म्हणून मुलाच्या चार वर्षांवर आणि कर्जाच्या हप्त्यांवर ती भागवू नका. एका मुलीला रसायनशास्त्र मनापासून आवडत होतं, वडील म्हणाले, "त्यात 'बायो' नाही." मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

तरी ते माहितीपत्रक सोडवत नसेल तर पैसे भरण्याआधी कॉलेजात जाऊन या. शाईचा घट्टपणा मोजणारा रिओमीटर आहे का, पेशी वाढवायची निर्जंतुक खोली कुठे आहे आणि ती पहिल्या वर्षाच्या मुलांना कधी उघडते, मागची तुकडी आज कुठे नोकरीला आहे, हे विचारा. प्रश्न मुलाने विचारायचे. उत्तरंही त्यानेच लिहून घ्यायची.