ताण पिकाचा, ताण पोरांचा आणि गळ्यातील ग्रंथी



उसाची पाने पिवळी पडली की आपण म्हणतो, पाण्याचा ताण पडला, आणि पाणी सोडून मोकळे होतो. पण कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर तो बहुधा लोहाच्या कमतरतेचा केवडा असतो. चुनखडीच्या जमिनीत जादा पाण्याने तो उलट वाढतोच. घरातल्या तरुण पोरांच्या बाबतीतही अशीच गफलत होते, म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहोत.

ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीसारख्या गावांत रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागल करावी लागते. वाघाची धास्ती वेगळीच. त्यात परीक्षा, नोकरी, लग्न यांची काळजी. अशा घरातली पोरगी सुस्त झाली, केस गळू लागले, की घरचे म्हणतात, "टेन्शन घेते, दुसरं काय!" कधी ते खरेही असते. पण कधी दुखणे थायरॉइडचे असते.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची, फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. अन्नातील आयोडीन घेऊन ती रस तयार करते आणि शरीराचा वेग त्यावर चालतो. रस कमी पडला तर थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, वजन वाढणे, पाळी बिघडणे. लहान वयात उंचीही खुंटते. रस जास्त झाला तर छातीत धडधड, हात कापणे, घाम, चिडचिड, खाऊनही वजन घटणे.

मग ताणाने थायरॉइड बिघडतो काय? नुसत्या ताणाने निरोगी ग्रंथी कायमची बंद पडते, असे सिद्ध झालेले नाही. मोठ्या ताणात शरीरात कॉर्टिसॉल वाढते व थायरॉइडचे काम काही काळ मंदावू शकते. मात्र ज्यांच्या घराण्यात हा विकार आहे, त्यांच्यात जबर धक्का निमित्त ठरू शकतो, विशेषतः रस जास्त होण्याच्या ग्रेव्ह्‌ज नावाच्या विकारात. इंग्लंडमधील डॉ. पॅरी यांच्या १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांत, चाकाच्या खुर्चीतून उतारावर फेकली जाऊन घाबरलेल्या २१ वर्षांच्या मुलीची अशीच हकिगत आहे. थोडक्यात, बी आधी असते. ताण फक्त पाणी घालतो.

आयोडीनची गोष्ट निराळी. त्याच्या अभावाने गलगंड होतो. त्यासाठी १९६२ साली देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास बंदी आहे.

तेव्हा एवढे करावे :

१) आयोडीनयुक्त मीठच आणावे, झाकणाच्या बरणीत कोरडे ठेवावे. ढोरांचे खडेमीठ स्वयंपाकात वापरू नये.

२) वरील लक्षणे काही आठवडे टिकली किंवा गळ्याला सूज दिसली, तर डॉक्टरांना दाखवून रक्ताची टीएसएच तपासणी करावी. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

३) रस कमी असल्याची गोळी सुरू झाली, तर ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. गरोदरपणात तर मुळीच नाही.

४) जागलीच्या पाळ्या घरात वाटून घ्याव्यात. तरुण पोरांना पुरी झोप मिळावी.

माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही नेहमी सांगतो. पोरांनाही तपासणीआधी आळशी म्हणू नका, एवढेच सांगणे.

— ऊस विकास अधिकारी