इंद्रायणीचा फेस, काळी माती आणि अवरक्त किरण

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, हे तुम्ही पाहिलं असेल, निदान बातम्यांत तरी. सांडपाण्यातले डिटर्जंटसारखे रेणू हे त्याचं मोठं कारण. आता प्रश्न असा, की चाकण-मोशी भागातली काळी माती अनेक रेणू धरून ठेवते, मग हे का धरत नाही? कोणता रेणू मातीला चिकटतो आणि कोणता पाण्याबरोबर विहिरीपर्यंत जातो, हे ओळखायचं कसं?

अधिशोषण म्हणजे काय?

स्पंज पाणी आत ओढून घेतो, ते शोषण. खडूची भुकटी फळ्यावर वरच्यावर बसते, तसे रेणू पृष्ठभागावर बसले तर ते अधिशोषण.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून बनली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइटसारखी चिकणखनिजं असतात. ही खनिजं म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे उलगडले, तर पृष्ठभाग 700 चौरस मीटरच्या आसपास भरतो! या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो. म्हणून स्ट्रेप्टोमायसिनसारखा धन प्रभाराचा रेणू तिथे घट्ट बसतो. नेहमीच्या डिटर्जंटचं डोकं मात्र ऋण प्रभाराचं. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे ते फारसं चिकटत नाही.

चिकटलेला रेणू ‘दिसतो’ कसा?

रेणूतले बंध स्प्रिंगसारखे कंप पावतात. प्रत्येक प्रकारचा बंध ठरावीक अवरक्त किरण शोषतो. एफटीआयआर यंत्र साधारण 4000 ते 400 प्रति सेमी या तरंगसंख्यांमध्ये ही नोंद घेतं. रेणू पृष्ठभागाशी जोडला गेला, की स्प्रिंगचा ताण बदलतो आणि वर्णपटातली पट्टी सरकते.

उदाहरण घेऊ. बेंझोइक आम्लाची कार्बोनिल पट्टी 1690 च्या आसपास असते. आम्ल लोह ऑक्साइडवर बसलं, की ती नाहीशी होते आणि साधारण 1550 व 1400 जवळ दोन पट्ट्या येतात. म्हणजे आम्लाचा हायड्रोजन गेला आणि कार्बोक्झिलेट तयार झालं.

इथेच घाई करू नका! पाण्यात विरघळलेल्या सोडियम बेंझोएटलाही अशाच दोन पट्ट्या असतात. तेव्हा दोन्ही वर्णपट शेजारी ठेवा. पट्ट्यांच्या जागा आणि त्यांतलं अंतर बदललं असेल, तर रेणू धातूच्या अणूशी थेट जोडला गेल्याचा तो पुरावा. बदललं नसेल, तर तो बहुधा नुसत्या विद्युत आकर्षणाने जवळ थांबलाय. पाण्यातले क्षार वाढले, की असा रेणू सहज सुटू शकतो. शेतकऱ्याच्या विहिरीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

प्रयोगातल्या अडचणी

1. पाण्याची स्वतःची पट्टी 1640 जवळ येते आणि कार्बोक्झिलेटच्या पट्टीला झाकू शकते. म्हणून पाण्याचा वर्णपट वेगळा घेऊन वजा करतात. ओल्या नमुन्यासाठी एटीआर पद्धत सोयीची. त्यात किरण स्फटिकाला टेकलेल्या नमुन्यात सुमारे एक मायक्रोमीटरच शिरतो.

2. मातीची सिलिकॉन-ऑक्सिजन पट्टी 1000 ते 1100 दरम्यान फार जोरकस असते. डिटर्जंटच्या सल्फोनेट गटाच्या काही पट्ट्या तिच्याखाली दडतात. अशा वेळी 2920 आणि 2850 जवळच्या कार्बन-हायड्रोजन पट्ट्या बघा.

3. वर्णपट मुख्यतः ‘कसा चिकटला’ ते सांगतो. ‘किती चिकटला’ यासाठी माती घालण्यापूर्वी आणि नंतर पाण्यात किती पदार्थ आहे, ते मोजावंच लागतं.

थोडक्यात, ‘माती सगळं गाळून घेते’ हा भरवसा खरा नाही. माती निवड करते. तिने सोडलेल्या रेणूंसाठी सांडपाणी नदीत जाण्याआधीच शुद्ध करायला हवं.

स्वाध्याय

1. शोषण आणि अधिशोषण यांतला फरक घरातल्या उदाहरणांनी सांगा.
2. माती पाण्याने धुतल्यावर 2920 ची पट्टी नाहीशी झाली, तर काय निष्कर्ष काढाल?
3. फक्त 1690 ची पट्टी गेली, एवढ्यावरून धातूशी बंध झाला असं का म्हणता येत नाही?