अर्धा मिटलेला डोळा

बेटा, कुत्रं पाळलंस ते बरं केलंस. पण आपल्या मौद्यात कुत्र्याच्या डोळ्याला जाच फार. धानाची कुसळं, मळणीचा भुसा, 53 नंबरच्या महामार्गावरची धूळ, आणि सातऱ्यावर मिरची वाळत असली की तिचा खकाणा.

लाल डोळा कोणालाही दिसतो. तू पाहायचं ते हे, की कुत्रं एक डोळा अर्धा मिटून धरतंय का, पंज्याने चोळतंय का, उजेड नको म्हणून बाजेखाली शिरतंय का. एकाच डोळ्याचं असलं तर काहीतरी गेलंय किंवा लागलंय असं धर. दोन्ही डोळ्यांत पिवळी चिपडं, वाहतं नाक आणि ताप असला, त्यात पिल्लाला लस नसली, तर डिस्टेंपरची शंका घे अन् त्याला बाकीच्या कुत्र्यांपासून वेगळं बांध.

पहिला उपाय पाणी. मेडिकलमधली सलाईनची बाटली घरात असू दे, नाहीतर उकळून गार केलेलं पाणी. मिरची किंवा चुना गेला असेल तर मात्र उकळत बसू नकोस, नळाचं पाणी लगेच ओत. चुना असला तर पंधरा-वीस मिनिटं तरी धार थांबवायची नाही. दुखण्यात आपलं कुत्रंही चावतं, म्हणून धरायला दुसरा माणूस घे.

कुसळाचं प्रकरण वेगळं. कुत्र्याला आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते, कुसळ नेमकं तिच्यामागे दडतं. वरून डोळा साफ दिसतो अन् कुत्रं काही तो उघडत नाही. तिथे चिमटा घालू नकोस. डॉक्टर बधिर करणारे थेंब टाकून काढतात.

आणि कपाटातले उरलेले थेंब? त्यांना हात लावू नको. माणसांच्या बऱ्याच थेंबांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. बुबुळावर ओरखडा असेल तर त्याने जखम भरत नाही, चिघळते. डोळा फुटूही शकतो. म्हणून डॉक्टर आधी नारिंगी रंगाची पट्टी लावून पाहतात, ओरखडा हिरवा चमकतो. मध, लिंबू, काजळ सुचवणारे घरोघरी भेटतील. हो म्हण अन् घालू नको.

बुबुळ निळसर-पांढरं झालं तर सकाळची वाट नको. गावात डॉक्टर सापडला नाही तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, कॉलेज 1958 चं. शेजारच्या पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा डोळा मारामारीत बाहेरही येतो. तो आत ढकलायचा नाही, सलाईनने ओलं केलेलं कापड वर ठेवायचं अन् गाडी काढायची.