साठी, बुद्धी आणि दिनक्रम

प्रस्तावना

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वय वाढले की बुद्धी ओसरणारच, असा तिचा रोख. घरातील वृद्ध व्यक्ती एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागली, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

मूलपाठ

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. पहिले विस्मरण वयाबरोबर थोडेफार येतेच; दुसरे मात्र आजाराचे लक्षण असू शकते. स्मरण, भाषा, हिशेब, ओळखीच्या वाटा यांवरील पकड हळूहळू सुटत जाते आणि नित्याचे व्यवहारही परस्वाधीन होतात, तेव्हा त्या अवस्थेस स्मृतिभ्रंश म्हणतात. तो एकच एक रोग नव्हे. त्याच्या कारणांपैकी सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार. १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले, तिने तर साठीही गाठलेली नव्हती!

भारतात साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. संख्या मोठी आहे. पण शंभरांतील ब्याण्णवांहून अधिक वृद्धांना हा आजार नाही, हेही तीच संख्या सांगते. म्हणीवर विसंबून चालणार नाही, ते यासाठी.

वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. परंतु ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या अभ्यासमंडळाने २०२४ साली बदलता येण्याजोग्या चौदा कारणांची नोंद केली. ती सर्व दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असे त्यांचे गणित आहे. हे गणित समाजाचे आहे, एका व्यक्तीला दिलेली हमी नव्हे. नियमाने वागणाऱ्यासही हा आजार होऊ शकतो. म्हणून रुग्णाला दोष देणे सर्वथा अनुचित होय.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. हा पुरवठा रक्तवाहिन्यांवर अवलंबून असतो. चाळिशी-पन्नाशीतील उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, स्थूलपणा आणि बैठी राहणी यांमुळे या वाहिन्या झिजतात. दुखत काहीच नाही, म्हणून रक्तदाबाची गोळी मध्येच सोडून देणारे कितीतरी लोक आपल्या परिचयाचे असतील! त्याची किंमत पुढे वीस वर्षांनी मोजावी लागू शकते.

या चौदा कारणांत बालपणी मिळालेले अपुरे शिक्षण हेही एक आहे. प्रौढ वयात पुस्तक हाती घेतलेल्या वाचकाच्या मनाला हे वाचून चटका बसेल. यासंदर्भात हैदराबाद येथील एक अभ्यास मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तेथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती अभ्यासली. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. विशेष म्हणजे, निरक्षर रुग्णांमध्येही हा फरक आढळला. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, कामावर तिसरी, अशी सतत चालणारी निवड हा मेंदूचा व्यायामच ठरत असावा. भाषांमुळेच हा लाभ होतो, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही; तरीही महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्यांना यात आनंद वाटावा.

वापरातून मेंदूत साठणाऱ्या या क्षमतेला मेंदूची गंगाजळी म्हणता येईल. शब्दकोडे, वाचन, भजनी मंडळ, नातवंडांचा अभ्यास, चार लोकांत उठबस, या सर्वांनी तिच्यात भर पडू शकते. याउलट ऐकू कमी येऊ लागले, की माणूस संभाषण टाळतो, एकटा पडतो आणि मेंदूला मिळणारे खाद्यच आटते. चष्मा आपण निःसंकोच लावतो, मग श्रवणयंत्राचीच लाज का वाटावी?

सवयी उतारवयात बदलून उपयोग होतो काय? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० व्यक्तींवर दोन वर्षे प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना समतोल आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी तपासण्या असा एकत्रित कार्यक्रम दिला गेला. बौद्धिक चाचण्यांत त्यांची प्रगती इतरांपेक्षा अधिक झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. फरक मोठा नव्हता. पण दिसण्याइतका होता.

शब्दार्थ

परस्वाधीन – दुसऱ्यावर अवलंबून असलेला
आनुवंशिकता – पूर्वजांकडून गुणधर्म येणे
गंगाजळी – राखून ठेवलेला साठा

पाठगत प्रश्न

१. ‘हे गणित समाजाचे आहे’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. हैदराबादच्या अभ्यासात निरक्षर रुग्णांचा उल्लेख का महत्त्वाचा आहे?
३. आपण दिवसभरात कोणकोणत्या भाषा, कोणाशी बोलता, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.