नट किती आवळावा? विमानाच्या इंजिनावरून एक पाठ

हातोद हे इंदूरच्या पश्चिमेकडील तहसिलीचे गाव. इंदूरचा विमानतळ शहराच्या याच अंगास आहे. इंदूर येथे 1951 साली मध्य प्रदेश फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. त्यामुळे प्रशिक्षणाची लहान विमाने या भागाला नवी नाहीत. अशा विमानाचे पिस्टन इंजिन आणि विहिरीवरील डिझेल इंजिन यांचे नाते वाटते तितके दूरचे नाही. दोहोंच्या अंगावर नट-बोल्टांनी उपकरणे जोडलेली असतात. मात्र विहिरीवरचे इंजिन बंद पडल्यास पिकाचे पाणी लांबते; आकाशात तसे घडल्यास वैमानिकास उतरण्यासाठी शेत शोधावे लागते.

ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोचा नट सैल राहिला, तर कंपनाने मॅग्नेटो जागेवरून सरकतो व ठिणगीची वेळ चुकते. नट अति आवळला, तर स्टड तुटतो किंवा ॲल्युमिनियमच्या आवरणास तडा जातो. अनुभवी मिस्त्रीच्या हाताचा अंदाज येथे पुरेसा मानला जात नाही, आणि ते योग्यच होय.

पाना फिरविताना लावलेल्या पिळाच्या जोरास टॉर्क म्हणतात. बोल्ट किंचित ताणला जाऊन त्याने दोन भाग धरून ठेवावेत, हा आवळण्याचा हेतू. परंतु लावलेल्या जोराचा साधारणतः दहावा हिस्साच हा ताण निर्माण करतो. उरलेला आट्यांतील व नटाखालील घर्षणात खर्च होतो. म्हणूनच कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांस वापरल्यास बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

खरी अडचण आकडा निवडण्याची. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या सर्वसाधारण तक्त्यात पाव इंची, बारीक आट्यांच्या नटासाठी 50 ते 70 इंच-पौंड दिले आहेत. लायकॉमिंग या इंजिन कंपनीच्या तक्त्यात पाव इंचासाठी 96. यांची सरासरी काढणे हा सर्वांत वाईट मार्ग. त्या जोडणीसाठी इंजिनाच्या वा उपकरणाच्या पुस्तिकेत स्वतंत्र आकडा असल्यास तोच प्रमाण. तो नसेल तर इंजिन उत्पादकाचा तक्ता. सर्वसाधारण तक्ता शेवटी. दोन पुस्तिकांत विरोध आढळल्यास उत्पादकाकडे लेखी विचारणा करावी.

स्वतःहून न सुटणारे नट मोकळे फिरवितानाही जोर लागतो. सर्वसाधारण तक्ता वापरताना हा जोर मोजून त्यात मिळवावयाचा असतो; 60 हवे असून 15 असेच लागत असतील, तर पान्यावर 75 यावयास हवेत.

शिक्षकांना वर्गात घेता येईल असे एक उदाहरण: टॉर्क पाना 10 इंच लांब असून त्याच्या सरळ रेषेत 2 इंचांचा जोड लावला, तर 96 ऐवजी पान्यावर 96 × 10 ÷ 12, म्हणजे 80 वाचावेत. एककाकडेही लक्ष हवे. फूट-पौंडाचे इंच-पौंड बारापट होतात.

आवळणी पूर्ण झाल्यावर नट व आवरण यांवरून रंगाची एक रेघ ओढतात. पुढील तपासणीत रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे.