रिपोर्टमधलं म्युटेशन काय सांगतं, काय नाही

मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळिशी ओलांडतो आणि तान्ही बाळं मलूल होऊ लागतात. बहुतेकदा कारण जुलाब-उलट्यांचं असतं. पण जुलाब नसतानाही बाळ वारंवार सुकत असेल, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम उतरत असेल, कपाळावर मिठाची बारीक पूड दिसत असेल, पापी खारट लागत असेल, तर सिस्टिक फायब्रोसिसची शंका घ्यायलाच हवी. आपल्या उन्हात हा आजार पुष्कळदा असाच उघडकीला येतो.

या आजाराच्या मुळाशी असलेलं सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर जनुक १९८९ मध्ये सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही त्याची सदोष प्रत आली, तरच आजार होतो. या जनुकात दोन हजारांहून अधिक बदल (म्युटेशन) आढळले आहेत. काहींमुळे पेशीतून मीठ-पाणी नेणारं प्रथिन तयारच होत नाही, काहींत ते पृष्ठभागावर पोचण्याआधीच नष्ट होतं, काहींत पोचतं पण उघडत नाही. असे दोन तीव्र बदल असले, तर स्वादुपिंड बहुधा तान्हेपणीच निकामी होतं. मग शी तेलकट, दुर्गंधीची होते आणि वजन वाढत नाही. एक जरी बदल सौम्य असला, तरी पचन बरंचसं टिकतं.

फुप्फुसांचं मात्र असं सांगता येत नाही. अगदी तेच दोन बदल असलेल्या सख्ख्या भावंडांत एक शाळेत पळतं, दुसरं सतत इस्पितळात असतं. जंतुसंसर्ग, पोषण, घरातला विडी-चुलीचा धूर, कफ काढण्याची रोजची फिजिओथेरपी आणि इतर जनुकं या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून ‘तीव्र’ हा शब्द वाचून आईबापांनी हातपाय गाळू नयेत, ही माझी कळकळीची विनंती.

युरोपात सर्वाधिक आढळणारा एफ५०८डेल हा बदल भारतीय रुग्णांत त्यामानाने कमी दिसतो. त्यामुळे मोजकेच बदल तपासणारी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका. आधी घामाची तपासणी करा. क्लोराइड ६० किंवा त्याहून जास्त आलं, तर संपूर्ण जनुकाची तपासणी करून घ्या. बदलांची नेमकी नावं फाइलीत जपून ठेवा, कारण नवी औषधं ठरावीक बदलांवरच चालतात. आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा दिवस जाण्याआधीच जनुकतज्ज्ञांना भेटा.